सीझन

शशिकला पोरीला घेऊन गेली चिराल्याला,
आंध्रात. तिचा भाऊ तिथं रेल्वेत, सिग्नलमध्ये.
क्वार्टरच्या गच्चीवर म्हणे समुद्राचा वास येतो
संध्याकाळी वारा फिरला तर.
दिसत नाही.

मी नाही गेलो.
लग्नाला सतरा वर्षं झाली,
मे महिन्यात मी नागपूर सोडलं नाही.
मे म्हणजे आमची दिवाळी, बाप्पा,
कूलरवाल्याला कोण जाऊ देते.

स्टेशनवर खिडकीचं लोखंड
हात लावू देत नव्हतं.
प्राचीनं ओली ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे.
दोघींच्या पर्समध्ये मी एकेक कांदा टाकला.
"समुद्रावर काऊन लागते कांदा?"
शशिकला म्हणाली,
पण काढला नाही.
अजनीकडं शेवटचा डबा दिसेनासा होईस्तोवर उभा होतो,
मग फोन: देवतळे मॅडम.
पंखा फिरतो, पाणी चढत नाही.

पाणी चढत नाही म्हणजे
बहुतेक वेळा पंपाच्या जाळीत केस.

पाचपावली, मग महाल, मग कामठी रोड.
सेहेचाळीस म्हणतात. मी आकडा पाहत नाही,
पान्हा उचलला की कळते.
चौकात माणूस नाही,
डांबरात एक लेडीज चप्पल रुतून बसलेली,
तिची मालकीण तशीच पळाली असेल.

नवी खस पहिल्यांदा भिजते
तेव्हा जो वास सुटतो,
त्याला लोक डोळे मिटतात.
पाच मिनिटं त्या खोलीत मी देव असतो.
मग पन्नास रुपयांवरून घासाघीस.

रात्री तिचा फोन.
"ऐका," म्हणाली, आणि मोबाइल धरला समुद्राकडं.
आधी नुसता वारा,
मग तेलुगूत ओरडणारा कुणी शेंगावाला,
मग तो.
"आला का आवाज?"
आला. म्हटलं, बेअरिंग गेलंय त्याचं.
ती हसली. मी पण.
पण आवाज ओळखीचा होता, खोटं काऊन बोलू:
ताटीवरून पाणी घसरते, थांबते,
पुन्हा घसरते.
फक्त तिथं टाकी कोणाला भरावी लागत नाही.

तीन वर्षांआधी मेहुण्याला कूलर पाठवला होता,
माझ्या हातचा, बावीस गेजचा पत्रा, तांब्याची वाइंडिंग.
विचारलं, कसा चालते?
ती जरा थांबली.
"इथं नाही चालत तो.
हवाच ओली आहे इथची,
लावला की अंग चिकचिक होते.
पत्रा गंजला.
वहिनीची कोंबडी बसते त्यात.
परवा अंडं दिलं."

म्हणजे माझी अख्खी विद्या
बल्लारशाच्या पुढं पातळ होत जाते
आणि चिराल्याला पोचते ती
कोंबडीपुरती.
वाईट वाटलं.
मग अंड्याचं जरा बरंही वाटलं.

प्राचीनं फोन ओढला.
"बाबा, पाणी मागं जाते ना,
तेव्हा पायाखालची वाळूच घेऊन जाते.
पडल्यासारखं होते, पण पडत नाही."
तीनदा सांगितलं तिनं.
"तुम्ही या ना."
नवतपा होऊ दे, म्हटलं.
नवतपा झाला की त्यांचं रिझर्व्हेशन परतीचं,
हे तिला पाठ आहे.

आज निखारे मास्तरांच्या गच्चीवर
जुना कूलर उघडला.
बोअरचं पाणी, पाच उन्हाळे,
ताटीवर पांढरा खार बोटभर.
खरवडला तर पेपरवर पडला भुरभुर,
थोडा वाऱ्यानं गेला,
थोडा माझ्या मनगटावर, घामात.
आजूबाजूच्या गच्च्या रिकाम्या.
जिभेला लावून पाहिला.

समुद्र नव्हता.
तरी मी लगेच थुंकलो नाही.

खालून मास्तरीणबाई विचारत होत्या,
माठातलं आणू का, हो,
की फ्रिजमधलं?