सात

ट्रॉम्सोत दुपारी दोनलाच अंधार.
राग्नहिल्डच्या खांद्याच्या एमआरआयमध्ये
काहीच नाही.
बावीस वर्षं कॉडचे काटे काढले त्या खांद्यानं,
कारखाना बंद होऊनही झाली सहा.

"शून्य ते दहा, किती?"
"सात."
मागच्या खेपेलाही सातच.

डॉक्टरीण म्हणते, जखम केव्हाच भरली,
नस मात्र हुशार निघाली.
घोकून घोकून दुखणं तिला पाठ झालंय.
खोटं नाही ते. दुखतंच.

हे शेवटचं ऐकायला
तिला तीन डॉक्टर बदलावे लागले.

आता रोजचा गृहपाठ:
वरच्या फळीवरचा कप काढायचा,
भीती वाटली तरी.

आज निघाला.
कॉफी सांडली थोडी ओट्यावर.
वहीत तिनं लिहिलं सात,
आणि जरा थांबून, शेजारी:
पण प्याले.