बोहरी आळीतली जाळी

गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारी रात्री
अख्खी धायरी भरून ठेवते:
पिंप, कळश्या, बादल्या, कुकरसुद्धा,
आणि शुक्रवारी नळ आला की ते शिळं म्हणून ओतून देते.
मीही ओतायचे. खोटं कशाला सांगू.

मोरीतला नळ ठिबकायचा.
एका रात्री झोप लागेना,
उठून त्याखाली दुधाचं पातेलं ठेवलं.
सकाळी काठोकाठ.
साय तेवढी नव्हती.

बोहरी आळीत गेले.
हुजैफाभाईंनी वॉशर तळहातावर ओतले,
बोटानं एकेक सरकवत म्हणाले,
काळे घ्या, लाल दोन महिन्यांत चपटे होतात.
वर एक जाळी दिली, अंगठ्याच्या पेराएवढी,
नळाच्या तोंडाला बसवायची.
पाण्यात हवा मिसळते म्हणे.
म्हटलं, दुधात पाणी ऐकलं होतं, आता पाण्यात वारं!
ते मोकळे हसले.
पाच रुपये मात्र सोडले नाहीत.

मग मला नादच लागला.
फ्लशच्या टाकीत सरबताची बाटली बुडवली, पोटात वाळू भरून.
एसीच्या नळीखाली बादली.
पाणी गाळायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी फरशीला.
कॅलेंडरच्या पाठीवर लिटर लिहीत गेले,
दुधाच्या हिशेबाशेजारी.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून आकडे वाचले;
लोखंडेकाकांनी टॅंकरचा विषय काढला
आणि चहा आला.

जाळी बघून छबूताई म्हणाली,
नळाला दमा लागला काय ओ?
भांडी विसळता विसळता पुन्हा म्हणाली,
आमच्या गल्लीत तोटीच नाही, नुसता पाइप.
मग?
मक्याचं कणीस खुपसतो. दाणे काढलेलं. वर चिंधी.
ठिबकत नाही?
ठिबकून कसं चालेल, ताई?

कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून होतं.
मी ते उगाचच सरळ केलं.

पुढच्या खेपेला पितळी तोटी आणली, अर्ध्या इंची.
तिच्या नवऱ्यानं बसवली.
चौथ्या दिवशी कुणीतरी पिळून नेली,
भंगारात पितळेला भाव आहे.
मग प्लॅस्टिकची. ती उन्हानं तडकली.
छबूताईनं मला धीर दिला,
असू द्या, कणसाला कोण नेतंय.

परवा गुरुवारी आमचाच व्हॉल्व्ह गेला.
पिंपाच्या बुडातून धार,
प्लंबर फोन उचलेना,
मी बोटानं भोक दाबून ओरडतेय.
छबूताईनं पदराच्या गाठीतून नाही,
सरळ माझ्याच कचऱ्याच्या डब्यातून
काल आम्ही खाल्लेलं कणीस काढलं,
फडक्यात गुंडाळलं, पिळा देऊन बसवलं.
थांबलं.

शनिवारी इरफान येईपर्यंत ते तसंच होतं.
त्यानं काढलं, वास घेतला, बाजूला ठेवलं.
मी फेकलं नाही.
वॉशरच्या डबीत मावत नाही,
म्हणून खिडकीत वाळतंय.

पातेलं पुन्हा गॅसवर आहे.
दूध वर येतंय, थांबा.