दोन बाजार

मडावी सिस्टरनं पोटावर टेप धरला,
कार्डावर लिहिलं : वीस आठवडे.

सासू महिने मोजणारी, पेरांवर.
आठवडे म्हटल्यावर तिनं बाजार मोजले,
पोरगा मिरची तोडून घरी आला
त्या मंगळवारपासून.
अठरा भरले.
पुन्हा मोजले. अठराच.
रात्री भाकर वाढली तिनं,
माझ्याकडं पाह्यलं नाही.

पुढच्या खेपेला सिस्टर म्हणाली,
"मावशी, मोजणी पाळीपासून धरतात,
पोटात काहीच नसते तेव्हापासून."
"असं होय," म्हणत सासूनं
माझी पिशवी आपल्या हाती घेतली.

ते दोन बाजार मला आठवतात.
पहाटे मोहाखाली मी एकटी,
टोपली अर्धी,
कुणाचीच वाट न पाहता वाकलेली.

तेही धरलेत बाळाच्या वयात.