कोपरे गोल

साकोलीच्या सामन्यात माझा गुडघा मुरगळला,
तेव्हा कापगते सरांनी पट्टी लावली.
उरलेला रोल मी दप्तरात घालून घरी आणला.
विचारून आणला. चोरला नाही.
रंग निळा, ग्रामपंचायतीच्या नव्या टाकीसारखा.

आई ओसरीत. मांडीवर सूप,
सुपात जर्दा, भिजवून नरम केलेली तेंदूची पानं.
बोटं चालू, डोळे भिंतीवर.
पान, चिमूट, वळण, दोरा,
आणि खिळ्याच्या टोकानं तोंड दुमडून बंद.
पंचवीसचा कट्टा. चाळीस कट्टे म्हणजे हजार.
हजार झाल्याशिवाय ती उठत नाही.

रात्री मात्र उठते.
अडीच-तीनच्या सुमारास
अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं,
या तिघांत मुंग्या शिरतात.
करंगळीला काहीच होत नाही.
"ते सट्टेदाराची सून," आई म्हणते,
"काम नाई, दुखनंबी नाई."
मग ती हात झटकते, थर्मामीटर झटकावा तसा.
अंधारात बांगड्या वाजतात.
लहानपणी मला वाटायचं,
आई झोपेत कोणालातरी हाकलते.

तालुक्याचा डॉक्टर म्हणाला होता,
मनगटात एक बोळ असतो, नस तिथून जाते,
सूज आली की बोळ अरुंद होतो, नस दबते.
आणि म्हणाला, हाताला आराम द्या.
आई घरी येईपर्यंत हसत होती.

"आधी धुऊन घे. जर्दा राहिला तर चिकटत नाही."
साबण, मग कोरडा पंचा.
"हात लांब कर. तळवा वर. मनगट मागं वाकव."
"तू का पोलीस होय वो?"
रोलच्या पाठीवर चौकोन छापलेले,
मी मोजून पाचव्यावर कातर लावली.
"कोपरे गोल करायचे,
नाहीतर पदराला अडकून उचकटतात."
माझी कातर अडखळली.
तिनं पट्टी हातातून घेतली,
सवयीनं तिच्यावर पत्र्याचा फर्मा ठेवला,
स्वतःशीच हसली, फर्मा बाजूला सारला,
आणि चारी कोपरे असे फिरवले
की कातर उचललेली मला दिसलीच नाही.

टोकं ताणायची नाहीत. मधे थोडी ताणायची.
एक पट्टी तळव्यापासून कोपराकडं,
दुसरी आडवी, बांगड्या वर सरकवून.
मग तळहातानं घासायचं,
ऊब लागली की डिंक धरतो.
मी घासत राहिले.
इतका वेळ तिचा हात माझ्या हातात
याआधी कधी होता, आठवेना.
नखांच्या कडांना तंबाखूचा रंग,
जो एकदा माझ्या मार्कशीटवरही उमटला होता.

"गेलं का दुखणं?"
"नाई. पण कोनी धरून ठेवल्यावानी वाट्टे."

दुसऱ्या दिवशी लिचडे सट्टेदार कट्टे मोजताना म्हणाले,
"दुरपताबाई, खेळाडू झाल्या का?"
छाट मात्र नेहमीइतकीच काढली.
संध्याकाळी सायत्रामामी आली, मनगट पुढं करून.
मग कौतिका. मग कौतिकाची नणंद,
जिला दुखत नव्हतं, पण रंग आवडला होता.
पाच मीटरची पट्टी.
माझ्या गुडघ्याला एका सामन्याला दीड हात लागते.
मी मनातल्या मनात मोजत होते,
आणि मला मोजताना आईनं पाहिलं.

रविवारी पट्टी काढली,
तेल लावून, लवेच्या दिशेनं, हळू.
खाली कातडी उजळ, लांबट.
"दुसरी लावू?"
"तुयी मॅच कवा हाय?"
"गुरुवारी."
"मंग गुरुवारनंतर पाहू."
रोल तिनं तांदळाच्या डब्यात पुरला,
जिथं ती पैसे पुरते.

त्या रात्री बांगड्या वाजल्या.
मी उठले. दिवा लावला नाही.
डब्यात कोपरापर्यंत हात घातला,
चौकोन बोटांनी चाचपले, पट्टी कापली.
ती काही बोलली नाही. हात तेवढा पुढं केला.
अंधारात एकच कोपरा नीट जमत नव्हता.
"राहू दे तो," ती म्हणाली,
"सकाळी मी करतो गोल."