सामाईक

सातबाऱ्यावर आमची पाच नावं
एकाखाली एक, रांगेत उभी असल्यासारखी.
तशी ओळखही रांगेतलीच,
महालातल्या बुडालेल्या पतसंस्थेच्या पायऱ्यांवरची.
सहा वर्षांनी परत मिळाले रुपयाला चाळीस पैसे.
त्या चाळीस पैशांचं हे रान.

तलाठी म्हणाला, पोटहिस्से पाडून देऊ का?
माणिक गजभिये म्हणाला,
मोहाचं झाड एकच आहे ना जी,
सामाईकच राहू द्या.

उमरेड रोडनं जायचं. गिट्टीच्या खाणी संपल्या
की डावीकडे कच्चा रस्ता, मग तोही नाही.
साग चाळीसेक, बाकी धावडा, तेंदू, पळस,
आणि एक बेहडा, ज्याला आम्ही वर्षभर अर्जुन समजत होतो.
वीज नाही. विहीर नाही.
रेंज एका दगडावर, तीही एका पायावर उभं राहिलं तर.
भाऊजी म्हणाले, बेसा साइडला प्लॉटचं टोकन तरी झालं असतं.
झालं असतं.

जमीन नाही वाटली, शनिवार वाटले.
पहिला गजभियेचा, दुसरा नलूताई अलोणींचा,
तिसरा माझा, चौथा फिरोजचा,
आणि ज्या महिन्याला पाचवा शनिवार असतो
तो गुणवंत नंदनवारनं मागून घेतला.
वर्षातून चार रात्री, फार तर पाच.
पैसे मात्र सर्वांइतकेच भरले.
आम्ही हसलो. लूमवर कान घालवलेला माणूस,
म्हणाला, मला काय, शांत तर कुठंही मिळते.

तंबू एकच, हिरवा. बेहड्याला टांगलेला रंगाचा डबा,
डब्यात वही.
नलूताई: साखरेचं झाकण कोण सैल ठेवते?
फिरोज: रात्री दोनला कुणीतरी खोकलं. भेकर असावं. असो.
गजभियेची चित्रं, बहुतेक स्वतःच्या पायांची.
नंदनवारची फक्त तारीख आणि सही,
चेक दिल्यासारखी.

भांडलोही. फिरोजला काटेरी तार हवी होती.
पण चैत्रात पहाटे मोह वेचायला दोघी येतात,
सासू-सून असाव्यात, आमच्या खरेदीखताच्या आधीपासूनच्या.
एकदा मला तंबूतून डोकं काढताना पाहून
सून म्हणाली, तुम्हाला घर नाही काय बाई?
तारेचं बंडल फिरोजच्या गच्चीवर अजून गंजत आहे.

नंदनवार माघात गेला.
फेरफार झाला, त्याच्या नावाला कंस पडला,
खाली मुलाचं नाव आलं, हिंजवडीत असतो.
फोनवर म्हणाला, काकू, आमचा हिस्सा मोकळा करायचं बघू या.
मे महिन्याच्या पाचव्या शनिवारी आला,
खिशात मोजायची टेप.
सागाला एक पान नाही, दगड रात्री नऊलाही तापलेले.
वेळ जावा म्हणून त्याच्या हाती वही दिली.

तो ती मागून उघडून बसला.
मागच्या पानांवर, उलट बाजूनं,
तारखा. नुसत्या तारखा.
सोमवार, बुधवार, पुन्हा बुधवार, गुरुवार,
तीन वर्षांच्या, बारीक अक्षरात, पानाला दोन रकाने.
आम्ही चौघांनी वही कधी मागून उघडलीच नव्हती.
तंबू दर वेळी कोरडा, नीट घडी घातलेला मिळायचा;
प्रत्येकाला वाटायचं, आधीचा गडी व्यवस्थित आहे.

मुलगा बराच वेळ मोबाइलच्या उजेडात बोटानं मोजत राहिला.
मग म्हणाला,
लूम तर बंद झाला होता तीन वर्षांपूर्वी.
घरून डबा घेऊन निघायचे रोज सकाळी.
आई अजून सांगते, शेवटपर्यंत कामावर गेले.

गजभियेनं चहात साखर जास्त टाकली.
कुणी काही बोललं नाही.
टेप खिशातच राहिली, निदान त्या रात्री.
विकणार का, हे त्यानं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
एवढंच सांगितलं की पुढचा पाचवा शनिवार ऑगस्टात पडतो,
नाल्याला पाणी असेल,
गाडी खाणीपाशीच लावावी लागेल.