बुटाचे नऊ सेकंद

चिआतुरा गावात फोटो धुऊन देणारा शेवटचा मी.
आता धुवायला काही येत नाही,
बदलून द्यायला येतं.

त्सिआलाबाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला,
लोकरी मोज्यात गुंडाळलेला,
बॅटरीचं झाकण रबराने आवळलेलं.
म्हणाल्या, नातू ग्दान्स्कला असतो,
त्याच्या टीव्हीवर हे लागत नाही.
काळा पडदा येतो आणि त्यावर एक वाक्य:
ही फाइल ओळखता आली नाही.
"ओळखता आली नाही म्हणजे?
सख्खा आजोबा आहे त्याचा."

सतरा तुकडे निघाले.
अर्ध्या मिनिटापुढे एकही नाही,
कार्डात जागाच तेवढी असायची तेव्हा.
सगळ्यांवर तारीख एकच, एक जानेवारी दोन हजार.
कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलंच नव्हतं.
त्यामुळे तीन उन्हाळे, एक लग्न
आणि गुडघाभर बर्फ
एकाच सकाळी उरकलेलं.

पहिल्यात वख्तांग आडवा.
कॅमेरा उभा धरला होता,
म्हणून दरी डावीकडे भिंतीसारखी
आणि रोपवेचा जुना डबा
तिच्यावरून पालीसारखा सरपटत वर.
मी चित्र फिरवलं. माणूस उभा राहिला.
बाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

दुसऱ्यात हसू आधी ऐकू आलं,
ओठ मागाहून हलले.
जुळवून देतो म्हणालो.
"नको. तो तसाच होता,
विनोद सांगायच्या आधी हसायचा."
(तरी मी जुळवलं. धंद्याची सवय.)

पट्टी सरकत होती. एकतीस टक्के. बत्तीस.
हे आत नेमकं करतं काय, त्यांनी विचारलं.
मी मला समजतं तेवढं सांगितलं:
प्रत्येक चित्र पुन्हा पुन्हा साठवत नाही.
जे हलतं तेवढंच लिहून ठेवतं,
जे जागचं हलत नाही, तो डोंगर, तो खांब,
ते एकदा घेतं
आणि पुढे धरून चालतं, की आहेच.

बाई बराच वेळ गप्प.
एकतीस वर्षं त्या खालच्या स्टेशनात हँडलवर होत्या,
तो वर, तारांना ग्रीस लावायला.
"म्हणजे मी," त्या म्हणाल्या,
आणि पुढचं बोलल्या नाहीत.

सातव्या तुकड्यात घरघर फार होती.
मी ती काढून टाकली, एका टिचकीत.
स्वच्छ. फुकट. गिऱ्हाईक खूश होतं एरवी.
बाई दचकल्या.
"हा ओरडतोय का असा? कुणावर?"
खरंच, तारेचा आवाज गेल्यावर
तो शांत खोलीत उभा राहून
बेंबीच्या देठापासून ओरडत होता,
जेवण झालं का, जेवण झालं का.
घरघर परत घातली.
आवाज माणसात आला.

गावात नवे डबे आलेत आता, काचेचे, बिनआवाजाचे.
बाई त्यात बसत नाहीत. पायऱ्यांनी येतात,
दर वळणावर पिशवी खाली ठेवत.

शेवटच्या तुकड्याच्या शेवटी
कॅमेरा चुकून चालूच राहिलेला:
लोखंडी जमीन, ग्रीसचा डाग, एक बूट,
नाडीऐवजी वायर.
आणि वरून कुठून तरी,
"बंद झाला का गं हा? दाबलं मी. झाला का?"
नऊ सेकंद. असलं मी न विचारता कापतो.
कात्री लावलेलीच होती,
बाईंनी माझं मनगट धरलं.

पैसे दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत;
आंबट आलुबुखारची बरणी ठेवून गेल्या.
रात्री सगळं ग्दान्स्कला पाठवलं.
नातवाचं उत्तर आलं: लागलं. थँक्यू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय
तर त्या पायरीवर, दुसरी बरणी घेऊन.
"तेवढा बूट वेगळा काढून दे.
माझ्या फोनवर.
चित्र नाही आलं तरी चालेल."