कण्यावरचा बगळा

अवालीच्या ऑइल क्लबातलं वाचनालय बंद झालं तेव्हा
अब्दुलनबीने साडेचारशे पुस्तकं पिकअपमधून आणून
मनामातल्या माझ्या खोलीत ओतली. म्हणाला, केळुसकर,
शिवण्यासारखी असतील ती शीव, बाकीची रद्दी.

खळ मी अजून हातचीच करतो, मैद्यात चिमूटभर मोरचूद,
सावंतवाडीच्या छापखान्यात बाबा करायचे तशी.
इथल्या दमट हवेत दुसरं काही टिकत नाही.

एकसष्ट पुस्तकं एकाच घरची निघाली.
ऑर्डवे अँड टिल्सन, बाल्टिमोर.
कण्यावर तळाशी बगळा, एका पायावर, नखाएवढा.

इंग्रजी मला पोटापुरतं येतं. गोष्टी नाही वाचल्या.
मी फक्त चौथं पान वाचत गेलो,
जे कोणी वाचत नाही.

एकवीस साल: दोघांची नावं, रस्ता, घरनंबर,
कागद कुठल्या गिरणीचा तेसुद्धा.
अडतीस: टिल्सन आता मुलांसकट.
चव्वेचाळीस: युद्धामुळे कागद पातळ आहे, क्षमस्व.
खरंच पातळ. सुई लावली की फाटतो. केली क्षमा.
एकावन्नला ऑर्डवे गळला. का, ते पान सांगत नाही.
त्रेसष्टला न्यूयॉर्क, विसावा मजला.
मग कुठल्याशा कंपनीचा विभाग. ती कंपनी
ट्रॅक्टरचे टायर करायची, इति अब्दुलनबी.
शिवण गेली, गोंद आला.
बगळ्याचा पाय गेला. एक रेघ, वर चोच.
शहात्तरनंतर कण्यावर काहीच नाही.

याचं मला नवल नाही.
माझ्या व्हिसावरचं कफिलाचं नाव तीनदा बदललं,
टेबल तेच, कात्री तीच.

पण एकोणपन्नासच्या एका पुस्तकात
न फाडलेलं कार्ड होतं:
नाव-पत्ता लिहा, नव्या पुस्तकांची यादी पाठवू, टपालखर्च आमचा.
लिहिलं. केळुसकर, बाइंडर, मनामा.
पोस्टातला मल्याळी पोरगा हसला,
खर्च त्यांचा, पण अमेरिकेपुरता.
मी फिल्स मोजले.

साडेतीन महिन्यांनी परत आलं.
जांभळा शिक्का, बोट दाखवणारा हात,
इथे असं कोणी नाही.
पण कोणीतरी तिथवर गेलं होतं, दार शोधलं होतं,
कारण घरनंबराखाली पेन्सिलीने बारीक लिहिलंय:
पार्किंग.

कार्ड त्याच पुस्तकात, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलं.
रात्रभर वर वजन लागतं.
टायरवाल्यांच्या काळातली चार जाडजूड ठेवली.
कशाला तरी आली.